कॅनडाच्या थंडीत मोर तगेल का?

प्रश्न : माझा मुलगा कॅनडातील अल्बर्टा प्रांतात असतो. त्याने गावाबाहेर शेतघर घेतले असून तेथील एका पक्षीपालकाकडून मोर-लांडोरीची जोडी घेण्याचा त्याचा विचार आहे. हिवाळ्यात तेथे पारा उणे 30 अंशांपर्यंत उतरतो. आपल्याकडचा हा पक्षी तेथे तगेल का? दुसरे असे, की निफाडजवळच्या आमच्या द्राक्षबागेत मोर नेहमी येतात. डिसेंबरच्या कडाक्यात त्यांची पिले काही दिवस घरी आणून सांभाळली तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तगेल, पण उघड्यावर नव्हे. भारतीय निळा मोर चांगलाच काटक असतो. आग्नेय आशियातील हिरवा मोर मात्र थंडीला नाजूक असून त्याला हिवाळाभर ऊब पुरवावी लागते. जोडी निळ्या मोराची आहे की संकरित, हे आपल्या चिरंजीवांनी आधीच विचारून घ्यावे.

कोरड्या थंडीपेक्षा ओल अधिक घातक असते, आणि नव्याने पक्षी पाळणाऱ्याच्या हे सहसा ध्यानात येत नाही. पक्ष्यांना गारठा लागू नये म्हणून माणूस मायेने खुराड्याच्या सगळ्या फटी बुजवतो. मग रात्रभर त्यांच्या श्वासाची वाफ आणि विष्ठेतील ओल आतच कोंडते आणि त्या दमट हवेत पायांची बोटे गोठण्याचा धोका उलट वाढतो. सकाळी छताच्या आतल्या बाजूस पाण्याचे थेंब किंवा हिमाचा थर दिसला, तर हवा खेळत नाही असे खुशाल समजावे. झरोके वळचणीखाली, बसलेल्या पक्ष्याच्या डोक्यापेक्षा उंचावर असावेत. खालच्या बाजूने वाऱ्याचा झोत मुळीच येऊ नये. जमिनीवर कोरड्या पेंढ्याचा जाड थर घालून तो ओला झाला की बदलावा.

बसण्याच्या दांडीकडे विशेष लक्ष द्यावे. मोर गोल, बारीक दांडीवर बसला की बोटे तिच्याभोवती वळवतो आणि त्यांची टोके थंडीत उघडी राहतात. त्याऐवजी सुमारे 4 इंच रुंद लाकडी फळी सपाट बसवली, तर तो पाय पसरून बसतो आणि पोटाची पिसे बोटांवर पांघरुणासारखी येतात. लोखंडी नळी तर नकोच. एखादे बोट फिकट पडून सुजलेले दिसले तर ते चोळू नये किंवा शेकोटीशी धरू नये. कोमट पाण्याने हळूहळू ऊब द्यावी आणि पशुवैद्यांना दाखवावे.

उणे 30 अंशांत थोडी कृत्रिम ऊबही द्यावी लागेल, परंतु टांगलेला दिवा पेंढ्यावर पडून आग लागण्याची भीती असते, म्हणून पक्क्या बसवलेल्या सुरक्षित उपकरणाचाच विचार करावा. पाणी गोठू नये अशी सोय हवी, आणि संध्याकाळी मक्याचे दाणे वाढवून द्यावेत. वावरण्याच्या जागेवर जाळी घातली असेल, तर बर्फाच्या भाराने ती कोसळणार नाही हे आधीच पाहावे. कोंबड्या मात्र त्याच आवारात ठेवू नयेत. त्यांच्यातील जंतांमार्फत पसरणाऱ्या हिस्टोमोनास या सूक्ष्म परजीवीमुळे होणारा यकृताचा व आतड्यांचा रोग मोरांना भोवतो. पाळण्याविषयीचे स्थानिक नियम तपासावेत आणि मोराची केकावली शेजाऱ्यांना कितपत रुचेल, याचाही अंदाज घ्यावा.

निफाडच्या पिलांविषयी उत्तर स्पष्ट आहे : घरी आणू नयेत. मोर 1963 पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे त्याला पकडून घरी ठेवणे, मग ते दयेपोटी का असेना, गुन्हा ठरतो. शिवाय त्याची गरजही नाही. आपल्याकडे मोरांची वीण पावसाळ्यात होते. डिसेंबरपर्यंत पिले काही महिन्यांची झालेली असतात आणि आईबरोबर झाडावर रात्र काढू शकतात. निफाडचा पारा 5 अंशांखाली गेला की बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात ते द्राक्षमण्यांसाठी. मोरांना एखादी उंच बाभूळ किंवा कडुनिंब पुरतो, तेवढी झाडे बांधावर राखावीत. जखमी पक्षी आढळल्यास वन विभागाला कळवावे.

ओघाने आणखी एक. गळून पडलेले मोरपीस घरात ठेवण्यास आपल्याकडे मनाई नाही, परंतु ते देशाबाहेर नेण्यास आहे. तेव्हा चिरंजीवांकडे जाताना बागेतली पिसे सामानात घेऊ नयेत.