रडू नेमके कुणासाठी?

प्रश्न : आमच्या शाळेत नववीच्या वर्गाला ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ हा चित्रपट दाखवला, मधूनमधून थांबवून संवाद मी मराठीत सांगत होतो. शेवटी बरीच मुले रडली. दुसऱ्या दिवशी एका मुलीने विचारले, “रझाकारांच्या काळात माझी पणजी आठ वर्षांची होती आणि कुणापासून लपायचे हे तिला पक्के ठाऊक होते. मग घराशेजारी छावणी असताना या मुलाला काहीच कसे कळत नाही?” यावर आपण काय सांगाल? हा चित्रपट इतिहास म्हणून कितपत खरा धरावा आणि तो सातवीलाही दाखवावा का?
— एक शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : आपल्या विद्यार्थिनीने या चित्रपटाच्या सर्वांत कच्च्या जागेवर बोट ठेवले आहे. जॉन बॉइन यांच्या २००६ च्या कादंबरीवरून मार्क हर्मन यांनी २००८ मध्ये केलेली ही सर्वस्वी काल्पनिक गोष्ट आहे : ज्यूंच्या नाझी छावणीच्या प्रमुखाचा मुलगा ब्रूनो आणि कुंपणापलीकडचा कैदी ज्यू मुलगा श्मुएल यांच्या मैत्रीची. पणजीच्या जिवावर बेतले होते, म्हणून तिला कळणे भागच होते. ब्रूनोवर तशी वेळ नव्हती, एवढा फरक मान्य करावा लागेल. परंतु त्या काळच्या जर्मन शाळांत ज्यूद्वेष पाठ्यपुस्तकांतूनच शिकवला जात होता आणि १९३९ पासून दहा वर्षांवरील मुलांना नाझी युवक संघटनेत जाणे सक्तीचे होते. अशा देशात छावणीच्या प्रमुखाचा मुलगा ‘ज्यू’ म्हणजे कोण याविषयी इतका कोरा राहील, हे पटत नाही. खुद्द आउश्विट्झ या पोलंडमधील नाझी मृत्युछावणीचा प्रमुख रुडॉल्फ ह्योस आपल्या मुलाबाळांसह छावणीला लागूनच राहत होता.

श्मुएलबाबत तर वास्तव अधिकच कठोर आहे. आउश्विट्झमध्ये सुमारे २,३२,००० मुले व किशोर पाठवले गेले, त्यांतले बहुसंख्य ज्यू होते. कामाला निरुपयोगी ठरवलेल्या त्या वयाच्या मुलांना बहुतेक वेळा रेल्वेतून उतरताच विषारी वायूच्या कोठड्यांकडे नेले जाई. विजेच्या तारांच्या आणि पहाऱ्याच्या कुंपणाशी रोज निवांत गप्पा मारत बसणे ही लेखकाची सोय आहे. आउश्विट्झच्या स्मारक संग्रहालयाने २०२० मध्ये, हा इतिहास शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी ही कादंबरी टाळावी, असे जाहीरपणे म्हटले होते.

मला मात्र तपशिलांच्या चुकांपेक्षा शेवट अधिक खटकतो. ब्रूनो कुंपणाखालून आत शिरतो, दोन्ही मुले मारली जातात, आणि कॅमेरा ब्रूनोच्या आईच्या आक्रोशाकडे व बापाच्या चेहऱ्याकडे वळतो. श्मुएलचे घर, त्याची भाषा, त्याचा राग यांतले फारसे काही आपल्यापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे प्रेक्षकाचे रडू छावणी चालवणाऱ्याच्या घराकडे वळते. आपली मुले कुणासाठी रडली, हे त्यांनाच विचारून पाहावे. त्याच वेळी ब्रूनोच्या बहिणीकडेही त्यांचे लक्ष वेधावे. तिच्या बाहुल्या तळघरात जातात आणि खोलीच्या भिंतीवर नाझी भित्तिपत्रके लागतात. घरी येणारा शिकवणीचा मास्तर आणि एक तरुण अधिकारी मिळून बारा वर्षांच्या मुलीला कसे घडवतात, हे दाखवणारा तो भाग मला या चित्रपटातला सर्वांत खरा वाटतो, आणि समीक्षकांनी त्याची दखल फारशी घेतली नाही, याचे नवलही.

पुन्हा दाखवायचे ठरवल्यास लुई माल यांचा १९८७ चा ‘ओ रव्हॉर लेझांफां’ निवडावा. जानेवारी १९४४ मध्ये, माल अकरा वर्षांचे असताना, त्यांच्या फ्रान्समधील निवासी शाळेतून खोट्या नावांनी लपवलेली तीन ज्यू मुले आणि मुख्याध्यापक असलेले पाद्री पकडले गेले. मुलांना आउश्विट्झला नेण्यात आले. तिथेही नजर मुलाचीच आहे, पण तो मुलगा हळूहळू समजत जातो, आणि ते समजणे त्याला पेलत नाही.

चित्रपट मिळाला नाही, तर वर्गात टागोरांचे ‘डाकघर’ हे घरात अडकून पडलेल्या आजारी मुलाचे नाटक वाचून घ्यावे. वॉर्सातील ज्यू वस्तीत यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातील मुलांनी जुलै १९४२ मध्ये हेच नाटक सादर केले होते. पुढच्याच महिन्यात कोर्चाक आणि सुमारे दोनशे मुले ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेऊन मारली गेली.

सातवीला आपण दाखवलेला चित्रपट दाखवू नये. त्या वयात शेवटची दहा मिनिटे भीती म्हणून मनात राहतील, आणि बाकीचे सारे मुले खरा इतिहास म्हणून लक्षात ठेवतील.