इन्फार्क्ट दर रॅटमध्ये वेगळा येतोय? आधी रक्तप्रवाह मोजा

प्रश्न असा आहे की फिलामेंटने (बारीक दोऱ्याने) एमसीएओ, म्हणजे मेंदूची मधली धमनी बंद करून पक्षाघात घडवण्याचा प्रयोग, करताना एकाच गटातल्या काही विस्टार (प्रयोगशाळेतली एक जात) रॅटमध्ये इन्फार्क्ट (रक्त न मिळाल्याने मेलेला मेंदूचा भाग) भलामोठा येतो, काहींचा मेंदू टीटीसी रंगात (जिवंत भाग लाल, मेलेला पांढरा दिसतो) सगळा लाल राहतो, काही रात्रीत मरतात. मग दोरा घालण्याची लोंगा पद्धत सोडून कोइझुमी पद्धत घ्यावी का? माझ्या मते दोष पद्धतीचा नाही. धमनी खरंच बंद झाली का, हे तुम्ही तपासतच नाही आहात.

मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या फाट्यापासून दोरा 18 ते 20 मिमी आत सरकवायचा, हा आकडा नुसता अंदाज आहे, वजनानुसार तो बदलतो. दोरा अलीकडे थांबला तर धमनी उघडीच राहते. पुढे रेटला तर ती फुटते आणि सबअरॅक्नॉइड (मेंदूच्या आवरणाखालचा) रक्तस्राव होतो. म्हणून मेलेल्या रॅटचा मेंदू फेकू नका, तळाशी रक्त साकळलंय का पाहा. दोरा फार लवकर अडला तर तो बहुधा टेरिगोपॅलाटाइन धमनीत (मेंदूत न जाणाऱ्या फांदीत) शिरलेला असतो. टोक वितळवून गोल केलेल्या नायलॉनपेक्षा सिलिकॉन लावलेला दोरा घ्या, महाग पडला तरी.

लेझर डॉपलर (मेंदूतला रक्तप्रवाह मोजणारं यंत्र) मात्र हवाच. दोरा बसल्यावर प्रवाह मूळच्या 20-30 टक्क्यांच्या खाली यायला हवा, काढल्यावर पुन्हा चढायला हवा. तसं झालं नाही तर तो प्राणी बाद. पण हा निकष आधीच लिहून ठेवायचा, आणि बाद ठरवणाऱ्याला गट माहीत नसावा. नाहीतर नकोसे आकडे गाळायला ही सोयीची पळवाट होते.

तापमानाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. शस्त्रक्रियेत 37 अंश ठेवतात आणि नंतर पिंजऱ्यात सोडून मोकळे. दोरा बराच वेळ राहिला तर हायपोथॅलॅमसलाही इजा होते आणि रॅटला ताप चढतो. तुमचं औषध नुसतं अंग थंड करत असेल तरी इन्फार्क्ट लहान दिसेल. भुलीचंही तेच: केटामाइन स्वतःच एनएमडीए रिसेप्टर (जो अति उत्तेजित झाला की मेंदूच्या पेशी मरतात) अडवतं, आयसोफ्लुरेनही मेंदूला थोडंफार वाचवतं. निदान भुलीचा वेळ सगळ्या गटांत सारखा ठेवा.

आता पद्धतीचं. कोइझुमीत (1986) दोरा कॉमन कॅरोटिडमधून (फाट्याच्या आधीच्या मुख्य धमनीतून) जातो आणि ती नंतर बांधलेलीच राहते, त्यामुळे रक्त परततं ते विलिस वर्तुळातून (मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या कड्यातून), अर्धवट. लोंगात (1989) एक्स्टर्नल कॅरोटिडच्या (चेहऱ्याकडे जाणाऱ्या फांदीच्या) तुकड्यातून जातात, मुख्य वाट पुन्हा उघडते. रिपर्फ्यूजनवर (रक्तप्रवाह पुन्हा सुरू होण्यावर) काम असेल तर लोंगाच. कायमचं ऑक्लुजन (धमनी बंदच ठेवणं) चालणार असेल तर तामुरा पद्धत (1981) पाहा: कवटी उघडावी लागते, पण धमनी डोळ्यांसमोर जाळता येते. गुठळी विरघळवणारं औषध तपासायचं असेल तर यातलं एकही कामाचं नाही, तिथे खरी गुठळीच सोडावी लागते.

पद्धत बदललीत तर प्राणी नैतिकता समितीची सुधारित मंजुरी आधी घ्या. जुन्या मंजुरीवर नवी शस्त्रक्रिया चालत नाही.