परदेशात शिकायला गेल्यावर तुमचा पहिला शनिवार-रविवार कसा गेला? नवख्या माणसाने कुठे फिरावं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरात जर्मनीत पोहोचायचं आणि पहिल्याच शुक्रवारी रात्री पॅरिसची गाडी पकडायची असा बेत आहे. माझं ऐका, पकडू नका. पॅरिस कुठे पळून जात नाही. आमच्या बॅचमधले तिघे गेले होते. सोमवारी नोंदणीच्या रांगेत त्यांचे डोळे उघडत नव्हते आणि महिन्याच्या किराण्याचे पैसे तिकडेच उडवून आले होते. मी गेले नाही यात शहाणपण काही नव्हतं. बँकेचं खातं उघडायचं होतं, हातात फक्त फॉरेक्स कार्ड (भारतातून युरो भरून आणलेलं) आणि मोजक्या नोटा, आणि युरोचे रुपये करायला प्रत्येक किमतीला तेव्हाच्या भावाने ऐंशीने गुणायची सवय सुटली नव्हती.

मी २०१९ च्या ऑक्टोबरात पुण्याहून आखेनला गेले. जर्मनीच्या पार पश्चिम टोकाचं गाव. नेदरलँड्स आणि बेल्जियम दोन्ही इतके जवळ की फोनला कधी कुठलं नेटवर्क लागेल याचा नेम नाही. सेमिस्टरचं तिकीट, म्हणजे विद्यार्थ्यांचा बस-रेल्वेचा पास, अजून हातात पडायचं होतं, म्हणून शनिवारी चालतच निघाले.

गावाच्या मधोमध एलिझेनब्रुनेन म्हणून खांबांची एक पांढरी इमारत आहे, १८२७ सालची. जवळ गेले आणि एकदम सडक्या अंड्याचा वास आला. बाकीचे पर्यटक नाक मुरडत होते, मला मात्र दापोलीजवळचं उन्हवरे आठवलं. लहानपणी आजीबरोबर तिथल्या कुंडावर गेले होते, तोच गंधकाचा वास! इथलं पाणीही जमिनीतूनच गरम येतं, जवळजवळ ५२ अंश. रोमन लोक याच पाण्यासाठी इथे वसले आणि पुढे आठव्या शतकाच्या शेवटी पश्चिम युरोपाच्या मोठ्या भागावर राज्य करणाऱ्या शार्लमेन राजाने इथे मुक्काम ठोकला तोही या पाण्यात डुंबायची हौस होती म्हणून. पिऊ नका अशी पाटी आहे, मी हात तेवढे धुतले. वास संध्याकाळपर्यंत गेला नाही.

तिथून दोन मिनिटांवर डोम, म्हणजे शार्लमेनने बांधलेलं कॅथेड्रल. १९७८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी काढली, तिच्यात जगभरातली बारा ठिकाणं होती आणि हे त्यातलं एक. पण ते सगळं माहितीपत्रकात वाचालच. तुम्ही दाराशी थांबा. पितळी रंगाच्या भल्यामोठ्या दारावर सिंहाचं तोंड आहे, त्याच्या जबड्यात बोट घाला. आत एक अंगठा लागतो. सैतानाचा! बांधकामाला पैसे कमी पडले तेव्हा गावकऱ्यांनी सैतानाकडून कर्ज घेतलं, बदल्यात दारातून आत येणारा पहिला जीव त्याचा असं ठरलं. गावकऱ्यांनी आत लांडगा सोडला. सैतान चिडून दार आपटून निघाला, त्यात त्याचा अंगठा अडकून तुटला तो तिथेच राहिला. सावकाराला असं गंडवल्याची गोष्ट देवळाच्या दारावर अभिमानाने मिरवणारं गाव मला तिथल्या तिथे आवडून गेलं.

वरच्या सज्जात शार्लमेनचं सिंहासन आहे, ते गाईडबरोबरच बघता येतं. चार पैसे पडतात, द्या. सोन्या-माणकांचं काही नाही, संगमरवराच्या साध्या फरश्या जोडलेल्या, आणि त्यावर ९३६ ते १५३१ पर्यंत सुमारे तीस राजे बसले. गाईड तारखा सांगत होती आणि मी बाजूच्या फरशीकडे बघत होते. तिच्यावर कुणीतरी टोकदार काहीतरी घेऊन रेघा ओढल्या होत्या: चौकोनात चौकोन, त्यात आणखी चौकोन, बाजूंच्या मध्यावरून जोडणाऱ्या रेघा. नवकंकरीचा पट! आजी आणि मी खडूने ओट्यावर काढून चिंचोक्यांनी खेळायचो तोच. या फरश्या जेरुसलेमहून आल्या असं मानतात, म्हणजे सिंहासन व्हायच्या आधी कधीतरी कुणी रिकामटेकडा त्यांच्यावर खेळत बसला असणार. मी गाईडला तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं की आम्हीपण हा खेळतो. तिने नम्रपणे मान हलवली, विश्वास बसला असं काही वाटलं नाही.

या सगळ्या नादात किराणा राहिला. म्हटलं, उद्या रविवार आहे, निवांत आणू.

इथे तुमच्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. आपल्याकडच्या साप्ताहिक सुट्टीसारखी नाही, सगळी एकदम. रविवार विश्रांतीचा, हे १९१९ च्या त्यांच्या राज्यघटनेत लिहिलं होतं आणि आजच्या घटनेतही ते कलम तसंच ठेवलं आहे. बेकऱ्या थोडा वेळ उघडतात, पेट्रोल पंपावर आणि मोठ्या स्टेशनांत काहीबाही मिळतं, पण दुप्पट भावाने. मला हे रविवारी सकाळी अकरा वाजता कळलं, एका कुलूपबंद सुपरमार्केटच्या काचेला नाक लावून. खोलीवर होते आईने बांधून दिलेले पोहे, शेंगदाणे, तिखट. दूध नाही, कांदा नाही. कांद्याशिवाय पोहे एकवेळ होतील, पण दुधाशिवाय चहा?

हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात जळगावचा एक सीनियर होता. त्याला विचारलं, "दादा, दूध कुठे मिळेल?" तो भांडी घासता घासता म्हणाला, "हॉलंडात." मला वाटलं चेष्टा करतोय. "अगं खरंच, फाल्सला जा. सरळ रस्ता आहे, पाच किलोमीटर."

"पासपोर्ट लागेल?"

"कांदे आणायला?"

(दादाचं ऐकून मी तशीच गेले, तुम्ही मात्र पासपोर्ट जवळ ठेवा. सीमेवर सहसा कोणी थांबवत नाही, पण कधी विचारलं तर दाखवावा लागतो.)

मग मी दूध आणायला दुसऱ्या देशात चालत गेले. रस्ता कंटाळवाणा आहे, खोटं कशाला बोलू. सीमा कधी ओलांडली ते कळलंसुद्धा नाही. गाड्यांच्या पांढऱ्या नंबरप्लेट पिवळ्या झाल्या आणि फोनने नेदरलँड्समध्ये स्वागत असल्याचा मेसेज दिला, एवढंच.

पिशवी भरण्याआधी गावामागची टेकडी चढले, कारण दादाने सांगितलं होतं की वर तीन देश एकत्र येतात. एक दगड आहे, त्याभोवती गोल फिरलं की दोन सेकंदांत जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स होतं. पूर्वी इथे चौथाही होता, मोरेसनेट नावाचा चिमुकला तुकडा. जस्ताची खाण कोणी घ्यायची यावर १८१६ मध्ये एकमत होईना, म्हणून तो कुणालाच दिला नाही, आणि शंभर वर्षं तो तसाच राहिला. शेजाऱ्यांच्या भांडणात पडून राहिलेला प्लॉट, अगदी आपल्याकडच्यासारखा.

त्याच जागी पाटी होती: युरोपातल्या नेदरलँड्सचं सर्वोच्च शिखर, ३२२ मीटर. लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. म्हणजे त्यांच्या एव्हरेस्टपेक्षा आमचा लक्ष्मी रोड उंच, आणि त्यावर पर्वतीच्या १०३ पायऱ्या तर मोजल्याच नाहीत. मी पाटीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. बाबांचं उत्तर आलं, "जेवलीस का?"

खाली आले, दूध, जाळीच्या पिशवीतले किलोभर कांदे आणि दीड लिटरची पाण्याची बाटली घेऊन काउंटरवर उभी राहिले. फॉरेक्स कार्ड मशीनने नाकारलं. परत घातलं, परत नाकारलं. तिथे तेव्हा बऱ्याच दुकानांत बाहेरची कार्डं चालत नसत, हे मला कोण सांगणार? मागे रांग. शेवटी पर्समधली नाणी काउंटरवर ओतली, मुलीने तिच्या हाताने निवडून घेतली. म्हणून सांगते, पहिल्या आठवड्यात खिशात रोख पन्नासेक युरो असू द्या. येताना मुकाट्याने बसचं तिकीट काढलं.

रात्री आठ वाजता कांदेपोहे झाले. दादाला वाटीभर दिले, त्याने लिंबू कुठाय विचारलं.

आणि ती बाटली. बाटलीवर २५ सेंट अनामत असते, रिकामी मशीनमध्ये टाकली की परत मिळते. सोमवारी आखेनच्या मशीनमध्ये घातली तर तिने तीनदा बाहेर ढकलली, डच बाटली जर्मन मशीन घेत नाही. पंचवीस सेंट म्हणजे तेव्हाचे वीस रुपये. खिडकीत ठेवली आणि पुढच्या रविवारी परत फाल्सला चालत गेले.