टीव्ही आला, आता शिकवायचं कसं?

प्रश्न : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. तिसरी-चौथी एकाच खोलीत बसते. यंदा गावच्या मंडळाने शाळेला मोठा टीव्ही दिला. ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे व्हिडिओ लावले की मुलं चिडीचूप बसतात, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर कुणालाच काही सांगता येत नाही. त्यात रेंज धड नाही. टीव्ही वापरावा तरी कसा?
– एक शिक्षिका, सत्तरी

उत्तर : बाई, मुलं चिडीचूप बसतात तिथेच तर घोडं अडतं. व्हिडिओ आपल्या वेगाने पुढे जातो, मुलाला डोकं चालवायला सवडच मिळत नाही. म्हणून आधी पाटी, मग टीव्ही.

चौथीचे अपूर्णांक घ्या. एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश? प्रत्येकाने उत्तर पाटीवर लिहून पाटी उलटी ठेवायची. बरीच मुलं अष्टमांश लिहितात, कारण चारापेक्षा आठ मोठे. आता ‘फेट’ या संकेतस्थळावरचा अपूर्णांकांचा खेळ उघडा. छेदात चार ठेवून वर्तुळाचा एक भाग रंगवा आणि छेद एकेक करत आठवर न्या. प्रत्येक वेळी तो तुकडा बारीक होत जातो. इथे तुम्ही काही बोलू नका. पाट्या उलटवून मुलांनाच भांडू द्या. खरं शिकणं त्या भांडणात होतं, असं माझं ठाम मत आहे.

फेट हा अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाचा प्रकल्प. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो २००२ साली सुरू केला. सगळं फुकट आहे आणि त्यातलं बरंच मराठीतही आहे. तालुक्याच्या गावी, वाळपईला रेंज मिळेल तेव्हा खेळाची फाईल लॅपटॉपवर उतरवून घ्या. ती ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालते. लॅपटॉप केबलने टीव्हीला जोडला की झालं.

पण टीव्हीपेक्षाही मला तुमच्या पर्समधला फोन मोलाचा वाटतो. आपल्याकडची बहुतेक मुलं घरी कोकणी बोलतात, पुस्तकातलं मराठी वाचताना अडखळतात. एकेकाला व्हरांड्यात नेऊन चार ओळी वाचायला सांगा, रेकॉर्ड करा आणि लगेच त्यालाच ऐकवा. पूर्णविराम गिळून पुढे पळालेलं मूल स्वतःचा आवाज ऐकताना तिथेच थबकतं आणि म्हणतं, ‘बाई, परत वाचू?’ तुम्ही दहादा चूक दाखवून हे होत नाही. रेकॉर्डिंग मात्र नंतर पुसून टाका. पालकांच्या ग्रुपवर तर मुळीच घालू नका, अडखळणारं मूल तिथे उघडं पडतं.

टीव्ही एका वेळी दहा मिनिटं पुष्कळ झाला. चौथी टीव्हीपाशी असताना तिसरीला कागद द्या. घडी घालून आधी अर्धा, मग पाव करू द्या. पावसात लाईट गेली तर चौथीलाही तोच कागद द्या आणि पावाची आणखी एक घडी घालायला लावा, अष्टमांश हातात येतो.