वाचक विचारतात: स्वप्नांची वर्कशीट भरायची तरी कशी?

प्रश्न: ताई, मुलीने नेटवरून गोल सेटिंगची (ध्येय ठरवायची) एक वर्कशीट प्रिंट काढून आणली. आठ चौकोन आहेत, करिअर, आरोग्य, पैसा, नाती वगैरे, आणि मधे मोठ्ठं 'माझं स्वप्न'. दर रविवारी घेऊन बसते पण एक ओळ लिहिली की लगेच मनात येतं, या वयात? वेळ कुठाय? आणि मीच खोडून टाकते. वय ४३, ऑफिसात क्लार्क आहे. खोडलेल्यातलं वाचता येतंय ते असं: गाडी शिकणे, अर्धवट राहिलेलं एम.ए., पोहणे, आईला घेऊन पंढरपूर, स्वतःची खोली (हे लिहायलाच लाज वाटली). माझं काय चुकतंय?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अहो, खोडलेली यादीच तर मस्त आहे की! तुम्ही फक्त दळतानाच चाळायला बसलाय, आधी दळण पूर्ण होऊ द्या. हे ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे मनात येईल ते भराभर मांडत जाणं, ज्याच्यामुळे फेमस झालं तो ॲलेक्स ऑसबर्न अमेरिकेतला जाहिरातवाला होता, त्याने १९५३ च्या पुस्तकात नियम मांडलेत ते साधेच आहेत, सुचत असताना टीका बंद, अतरंगी काही आलं तरी चालेल, जेवढं जास्त तेवढं बरं, आणि एकातून दुसरं जोडत जा. निवड करायची ती नंतर, वेगळ्या बैठकीत.

आणि ती छापील शीट बाजूला ठेवा बघू. आठ चौकोन समोर दिसले की माणूस उगाच प्रत्येकात काहीतरी कोंबतो, 'नाती' रिकामं दिसतंय म्हणून तिथे 'सर्वांशी प्रेमाने वागणे' असलं लिहितो, ते काय स्वप्न आहे का? एक पाठकोरा कागद घ्या, पेन घ्या (पेन्सिल नको, रबर हातात आलाच नाही पाहिजे), पंधरा मिनिटांचा अलार्म लावा आणि येईल ते लिहा. मग कागद चार दिवस कपाटात.

चार दिवसांनी काढलात की प्रत्येक ओळीपुढे लिहा, हे मला हवंय की लोकांना दाखवायला हवंय. बऱ्याच ओळी तिथेच गळतात. उरलेल्यातली एकच उचला. तुमच्या जागी मी गाडी उचलली असती, कारण तिला तारखा आपोआप लागतात, ऑनलाइन अर्ज करून लर्निंग लायसन काढलं की ते ६ महिने चालतं आणि पक्क्या लायसनची टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते, म्हणजे 'कधीतरी शिकू' म्हणायची सोयच राहत नाही. एम.ए. साठी नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहेच, पण ते गाडीनंतर.

शेवटी कागदाच्या तळाला एक ओळ, 'अमुक झालं की मी तमुक करणार' अशी. पीटर गोलवित्झर हे मानसशास्त्रज्ञ ज्याला 'इम्प्लिमेंटेशन इंटेन्शन' म्हणतात ते हेच, नुसत्या 'मी करणारच'पेक्षा अशी वेळ-जागा बांधलेली ओळ जास्त वेळा पार पडते असं त्यांच्या अभ्यासात दिसलंय. म्हणजे 'शनिवारी ऑफिसची सुट्टी, मुलगी क्लासला गेली की मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन फी विचारणार', बास, एवढंच.

खोलीचं लाजू नका हो. खोली नसेल मिळत तर रोज अर्धा तास दार लावून बसायला मिळेल का ते घरात विचारून बघा, कदाचित हवं होतं ते तेवढंच असेल.

प्रश्न: मी पुण्यात एमपीएससीची तयारी करतोय. जपानी बेसबॉलपटू शोहेई ओहतानीचा ६४ चौकोनांचा चार्ट रीलमध्ये बघितला, तसाच बनवून भिंतीवर लावला, आठवड्यात बोअर झालं. चार्ट चुकीचा की मी?
– एक विद्यार्थी

उत्तर: दोघंही नाही रे, रील अर्धवट आहे. ओहतानीने तो चार्ट जपानमध्ये हायस्कूलला असताना भरला, मधल्या घरात होतं ड्राफ्टमध्ये (प्रो टीम्स नवे खेळाडू निवडतात तिथे) आठ टीम्सची पहिली पसंती, भोवती त्यासाठी लागणाऱ्या आठ गोष्टी आणि प्रत्येकीचे आठ चौकोन, त्यात ताशी १६० किमीचा बॉल होता तसं 'नशीब' पण होतं, आणि नशिबाच्या चौकोनांत काय तर कचरा उचलणे, खोली साफ करणे, नमस्कार-चमत्कार, अंपायरशी नीट वागणे. म्हणजे आज हाताने करता येतील अशी कामं. तू बहुतेक 'इतिहास पक्का करणे' लिहिलं असशील, त्यावर टिक कधी मारणार? मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय ना, मग 'रोज एक उत्तर वेळ लावून हाताने लिहिणे' असं लिही. ६४ एकदम नको, आठ चालव.

आणि रीलवाले सांगत नाहीत ते ऐक, २०१२ मध्ये त्याने १६० चा बॉल टाकला खरा पण ड्राफ्टमध्ये त्याचं नाव एकाच टीमने घेतलं, कारण 'मी थेट अमेरिकेत जाणार' असं त्यानेच आधी सांगून टाकलं होतं. मधलं घर तसं रिकामंच राहिलं. तुझ्या मधल्या घरात पोस्ट असेल तर असू दे, पण ती किती जागा निघतात त्यावर पण आहे, सगळं तुझ्या हातात नाही.

प्रश्न: नवरा-बायकोने वर्कशीट एकत्र बसून भरावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: आधी वेगवेगळी. येल विद्यापीठात १९५८ साली चौघांचा गट आणि एकेकटे बसलेले चौघं अशी तुलना केली होती, एकट्यांच्या कल्पना एकत्र केल्या तर त्याच जास्त भरल्या. घरात तर काय, एकाने 'घराचं लोन लवकर फेडू' म्हटलं की दुसऱ्याचं लडाख तोंडातल्या तोंडातच राहतं. दोघांनी आपापलं लिहा, मग कागद बदला, आणि दुसऱ्याचं वाचताना पहिल्या दिवशी फक्त प्रश्न विचारायचे, खर्चाचा हिशोब दुसऱ्या दिवशी.