युद्धनौकांचा खर्च आणि उशीर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोलकाता वर्गाच्या विनाशिकांचा खर्च तिपटीवर गेला म्हणे. एवढा पैसा गेला कुठे?

३,५८० कोटींची मंजुरी ११,६६२ कोटींवर गेली, हे खरं आहे. २०१०च्या सुमारास कॅगनं त्यावर बोट ठेवलं. रशियाहून पोलाद यायला उशीर झाला, रशियन तज्ज्ञांचा खर्च वाढला, कामगारांचे पगार वाढले. पण माझ्या मते मूळ दुखणं वेगळं : मंजुरी घेतली तेव्हा जहाजावर बसणाऱ्या शस्त्रांच्या आणि रडारच्या किमती ठरलेल्याच नव्हत्या. तो आकडा पूर्ण जहाजाचा नव्हताच.

आराखडा उशिरा बदलला की काय होतं ते गोदीत उभं राहून बघावं. कंपार्टमेंट वेल्ड झालंय, रंग लागलाय, आणि नव्या उपकरणाची केबल जाडजूड निघते. मग फिटर खडूनं खूण करतो, इन्सुलेशन सोलायचं, हॉटवर्कची, म्हणजे ठिणग्या उडणाऱ्या कामाची, परवानगी काढायची, भिंतीपलीकडे एक माणूस अग्निशामक घेऊन उभा करायचा. कापा, घासा, वेल्ड करा, तपासा, पुन्हा रंगवा. वीतभर भोकासाठी एवढा खटाटोप, आणि जहाजात अशा केबली किलोमीटरगणिक असतात.

प्रश्न : मग बाहेरून तयार जहाज घेतलेलं स्वस्त नाही का?

रशियाकडून घेतलेली जुनी विमानवाहू नौका विक्रमादित्य आठवा. २००४चा करार सुमारे ९७ कोटी डॉलरचा, शेवटी मोजले २३५ कोटी. २००८ला यायची ती नौका नोव्हेंबर २०१३मध्ये नौदलात आली. जुनं जहाज उघडल्याशिवाय आत काय सडलंय ते कळत नाही. जुना वाडा दुरुस्तीला काढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : माझगाव गोदीतल्या स्कॉर्पिन पाणबुड्यांना उशीर कशामुळे?

सहा पाणबुड्यांचा करार ऑक्टोबर २००५मध्ये झाला. गोदीनं स्वतः खरेदी करायच्या सामानाच्या ऑर्डरी किमतींच्या घासाघीशीत रखडल्या. २०१२च्या अखेरीस अपेक्षित असलेली पहिली पाणबुडी कलवरी १४ डिसेंबर २०१७ला दाखल झाली, सहावी वागशीर १५ जानेवारी २०२५ला.

प्रश्न : उशिराचा भुर्दंड शेवटी कुणाला?

पैशाचा तुम्हा-आम्हाला. पण त्याहून मोठा पाणबुडीतल्या पोरांना. सिंधुशस्त्र ही पाणबुडी २००० साली आली, त्यानंतर थेट कलवरी. मधली सतरा वर्षं एकही नवी डिझेल पाणबुडी नाही. तोवर ही पोरं ऐंशीच्या दशकातल्या पाणबुड्या पुन्हा पुन्हा दुरुस्त करून, त्याच घेऊन पाण्याखाली जात राहिली.