जॉकीचा वाटा किती? निपाणीकडच्या एका मुलाला पत्र

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

शर्यत घोडा जिंकतो की जॉकी, असं तू विचारलंस. चिकोडी-रायबागच्या माळावर घोडागाड्या पळताना बघत तू वाढलास, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. घोडागाडीत हाकणाऱ्याचा बहुतेक भार चाकांवर पडतो. रेसकोर्सवर तोच भार साडेचारशे-पाचशे किलोच्या जनावराच्या पाठीवर येतो. त्यामुळे गाडी उत्तम हाकणारा पोरगा खोगिरावर बसला की पुन्हा पहिलीपासून शिकतो.

मंद घोड्याला कोणताही जॉकी वेगवान करू शकत नाही. जिंकणारा घोडा हरवणं मात्र त्याला सहज जमतं. जॉकीचा वाटा दहा टक्के, असं बोललं जातं. मला ते पटत नाही. बाकीच्यांपेक्षा खूप सरस घोड्यावर त्याचा वाटा नगण्य असतो. हँडिकॅपच्या शर्यतीत वजनं देऊन घोडे बरोबरीला आणलेले असतात, पहिले चार-पाच घोडे बरेचदा दोन लेंग्थच्या, म्हणजे दोन घोड्यांच्या लांबीच्या, आत येतात, आणि तिथे निकाल जॉकीच्याच हातून लागतो.

आता वळणाचा हिशेब बघ. एक लेंग्थ म्हणजे सुमारे २.४ मीटर. अर्धवर्तुळाच्या वळणावर रेलिंगपासून एक मीटर बाहेरून पळालं, तर ३.१४ मीटर जास्त पळावं लागतं. तीन मीटर बाहेर राहिलास तर साडेनऊ मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ चार लेंग्थ गेल्या. १६०० मीटरच्या शर्यतीत पाठीवरचा एक किलो ढोबळमानाने एका लेंग्थबरोबर धरतात. म्हणजे वळणावरची ती एक चूक चार किलो जादा वजन लादल्यासारखी झाली. म्हणून रेलिंगलाच चिकटून राहायचं, असंही नाही. आत राहिलास, पुढचा घोडा दमून मागे आला आणि बाहेर दुसरा लागून असला, की तू कोंडलास. मग घोडा ओढून धरावा लागतो, आणि मोडलेली लय शेवटच्या ३०० मीटरमध्ये परत बसत नाही. जबरदस्तीने फट काढून दुसऱ्याला अडवलंस, तर स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, चौकशी करून नंबर खाली आणतात.

याहून मोठी गोष्ट म्हणजे डोक्यातलं घड्याळ. १६०० मीटर म्हणजे २०० मीटरचे आठ तुकडे. समज, घोड्याची कुवत दर तुकड्याला सव्वाबारा सेकंदांची आहे, एकूण ९८ सेकंद. पहिले दोन तुकडे अकरा-अकरा सेकंदांत काढलेस, तर अडीच सेकंद वाचवल्यासारखे वाटतात; पण स्नायूंत आम्ल साठतं आणि शेवटच्या दोन तुकड्यांत घोडा त्याहून जास्त वेळ गमावतो. भरधाव घोडा प्रत्येक झेपेला एकच श्वास घेतो. तोंड ओढून त्याच्याशी भांडलास की झेप आखडते आणि श्वासही बिघडतो. याच्या उलट चूक म्हणजे फार मागे राहून घोडा राखून ठेवणं. पुढचे आरामात पळत असतील तर त्यांच्याकडेही दम शिल्लक असतो, आणि तू सुंदर धाव घेऊनही तिसरा येतोस.

बसण्याबद्दल. रिकिबी आखूड, गुडघे वाकलेले, बूड खोगिरापासून उचललेलं. अमेरिकेचा जॉकी टॉड स्लोन याने १८९७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ही बैठक दाखवली. २००९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, ही बैठक रुळण्याच्या काळात शर्यतींच्या वेळा ५ ते ७ टक्क्यांनी सुधारल्याचं मांडलं आहे. घोडा खाली-वर होतो, स्वाराचे गुडघे स्प्रिंगसारखे काम करतात आणि त्याचं अंग जवळपास एका पातळीत पुढे जातं. त्यामुळे दर झेपेला त्याचा भार उचलण्या-ढकलण्यात घोड्याची ताकद जात नाही. मांड्या आणि कंबर थकली की जॉकी खोगिरावर आदळू लागतो, तेही नेमकं शेवटच्या २०० मीटरमध्ये. म्हणून रोज पायऱ्या चढ, आणि त्याच बैठकीत भिंतीला न टेकता तीन-तीन मिनिटं थांब.

वळण उजवं असेल तर घोडा उजवा पाय पुढे टाकून पळतो. सरळ पट्ट्यावर आल्यावर अंगाचा तोल हलकेच बदलून त्याला पाय बदलायला लाव. दमलेल्या बाजूला विसावा मिळतो. गाडीवरच्या चाबकाची सवय तर आजच सोड. तोल गेलेल्या, दमलेल्या घोड्याला मारलं की तो तिरका जातो आणि त्याला नाहक इजा होते.

वजनाबद्दल मला तुझी खरी काळजी वाटते. जॉकीचं खोगिरासकट वजन होतं, आणि शर्यतीनंतर ते कमी भरलं तर जिंकलेली शर्यत जाते. म्हणून पोरं उपाशी राहतात, घाम काढतात. पाणी कमी झालेल्या शरीराचा निर्णय उशिरा होतो, आणि ताशी ५५-६० किलोमीटर वेगात तो उशीर जिवावर बेततो. तुझं हाड रुंद निघालं, तर हट्ट न करता ट्रेनरच्या हाताखाली शीक. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून आठ वेळा इंडियन डर्बी ही मानाची शर्यत जिंकली आणि पुढे ट्रेनर म्हणूनही मोठं नाव केलं.

जॉकीची पारख नुसत्या विजयांच्या आकड्यावर करू नकोस. नामवंताला चांगले घोडे मिळतात, त्यामुळे आकडा फुगतो. एकाच घोड्यावर, सारख्या अंतराला, दोन वेगळे जॉकी बसलेल्या शर्यती शोध आणि शेजारी ठेवून बघ.

पुढच्या पत्राआधी एवढं कर. पुणे किंवा बेंगळुरूच्या दहा शर्यतींच्या चित्रफिती घे. पहिल्यांदा बघताना फक्त वळण बघ, कोण किती बाहेर होता ते लिही. दुसऱ्यांदा २०० मीटरच्या खुणांवर आधी मनात वेळ धर, मग स्टॉपवॉच बघ. चूक अर्ध्या सेकंदाच्या आत येईपर्यंत वही माझ्याकडे पाठवत राहा.